पिकू द्या, मग वेचा

चैत्रात विदर्भातल्या जंगलात चाराच्या झाडांना हिरवी फळे लटकलेली असतात. ती काळी पडून पिकायला अजून काही दिवस हवे असतात. पिकलेल्या फळाचा गर गोड लागतो, आतली बी भरलेली असते, आणि ती फोडून काढलेली चारोळी शहरात सुक्यामेव्याच्या भावाने विकली जाते. तरीही कित्येक गावांत ही फळे हिरवी असतानाच ओरबाडली जातात. हात पोहोचत नाही तिथे फांदीच तोडली जाते. हिरव्या फळातली बी बारीक आणि सुरकुतलेली निघते, व्यापारी तिला भाव देत नाही, आणि तुटलेली फांदी पुढच्या वर्षी फळत नाही. वेचणाऱ्याला हे कळत नाही असे समजणे चूक आहे. कोणाही तज्ज्ञापेक्षा त्याला ते चांगले कळते. पण त्याला हेही ठाऊक असते की आज आपण थांबलो, तर उद्या पहाटे दुसरे कोणी ते झाड रिकामे करेल. घरात मीठ-मिरचीला पैसे नसताना आणि झाड कोणाचेच नसताना थांबणे हा त्याच्यासाठी तोट्याचा सौदा असतो.

या लेखाचे म्हणणे या एका झाडातून समजून घेता येईल. वनोपजाची नासाडी आणि वेचणाऱ्याची गरिबी ही दोन वेगळी दुखणी नाहीत. हमी नसते म्हणून माणूस कच्चे तोडतो, कच्चे तोडले म्हणून भाव पडतो, भाव पडला म्हणून पुढच्या वर्षी अजून लवकर आणि अजून जास्त तोडावे लागते. हे चक्र ‘झाडे वाचवा’ असा उपदेश करून थांबत नाही, आणि नुसता भाव वाढवूनही थांबत नाही. झाडावर गावाचा हक्क, तोडणीची सर्वांना बांधील अशी तारीख आणि विकताना स्वतःचा वजनकाटा या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच ते थांबते. ज्या गावांत ग्रामसभा जिवंत आहे, बचत गट आहेत, शिकलेली दोन-चार मुले-मुली आहेत, त्यांनी हे काम कसे करावे याचा विचार इथे केला आहे.

या कामाचे मोल आधी नीट लक्षात घ्यावे. देशातल्या वननिवासी कुटुंबांच्या वार्षिक उत्पन्नाचा 20 ते 40 टक्के भाग गौण वनोपजातून येतो, असा अंदाज सरकारी समित्यांनी मांडला आहे. टक्केवारीपेक्षाही महत्त्वाची आहे ती या पैशाची वेळ. मोहफूल फाल्गुन-चैत्रात पडते, तेंदूपत्ता वैशाखात निघतो. रब्बीचे काम संपलेले आणि खरिपाचे बियाणे अजून घ्यायचे आहे, अशा मधल्या काळात हा पैसा हातात येतो. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला तो मिळतो, आणि वेचणीचे बहुतेक काम बायकांच्या हातचे असल्यामुळे तो घरात पोहोचण्याची शक्यताही जास्त असते. हा पैसा आटला की त्या घराला सावकाराचे दार किंवा दूरच्या वीटभट्टीचा रस्ता धरावा लागतो.

आधी हक्क, मग नियम

पहिली पायरी कागदाची आहे आणि ती टाळता येत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने पारंपरिकरीत्या गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली आहे. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यात येतो. बांबू, तेंदूपत्ता, मध, मेण, लाख, कंदमुळे आणि औषधी वनस्पती हे सारे या व्याख्येत आहे. 2012 मध्ये सुधारलेल्या नियमांनी साठवण, प्रक्रिया आणि जंगलाबाहेरची वाहतूक यांचाही विक्रीच्या हक्कात समावेश केला, आणि या मालावर स्वामित्वशुल्क वा इतर आकार घेऊ नये असे स्पष्ट केले. पण बहुतेक गावे कायद्याचा एवढाच भाग वाचून थांबतात. याच कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेवर वन्यजीव, वन आणि जैवविविधता राखण्याची जबाबदारी टाकते, आणि सामूहिक वनात कोणी, केव्हा, काय न्यावे हे ठरवण्याचा अधिकारही देते. ‘आम्ही हिरवी चार तोडू देणार नाही’ हा ठराव म्हणजे गावाने कोणावर केलेली जबरदस्ती नव्हे, तो कायद्याने दिलेला अधिकार आहे. म्हणून ज्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा अजून मंजूर झालेला नाही, त्याने आधी तो तडीस न्यावा. पुढची सारी मेहनत त्याच पायावर उभी राहते.

हा हक्क हाती आल्यावर काय होते ते गडचिरोली जिल्ह्याने दाखवले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागत होता, आणि तो वनखात्याच्या हाती होता. एप्रिल 2011 मध्ये परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्या दिवशी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले होते. मात्र मेंढ्याची ही कमाई एका दिवसाची नव्हती. एकमताने निर्णय घेण्याची आणि ठरलेले पाळण्याची सवय या गावाने त्याआधी कित्येक वर्षे लावून घेतली होती. परवाना आला तेव्हा तो सांभाळणारी ग्रामसभा तयार होती. हक्काचा कागद आणि बैठकीची सवय यांतले एकही दुसऱ्यावाचून चालत नाही.

प्रत्येक मालाचा आपला नियम

‘शाश्वत तोडणी’ हे शब्द ऐकायला बरे वाटतात, पण झाडाखाली उभे राहिल्यावर त्यांचा काही उपयोग होत नाही. नियम त्या-त्या मालाचा असावा लागतो, कारण पान, फूल, फळ, डिंक आणि कंद काढल्याने झाडाला होणारी इजा सारखी नसते. मोहाचे उदाहरण घेऊ. मोहाचे फूल रात्री-पहाटे आपोआप गळते. ते उचलल्याने झाडाचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते त्याआधी. पालापाचोळ्यात फूल दिसावे म्हणून झाडाखाली काडी लावली जाते, आणि ती आग वाऱ्यावर जंगलात पसरते. त्या आगीत मोहाची, चाराची, हिरड्याची कोवळी रोपे जळतात. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर मोहाच्या बिया, म्हणजे टोळ, तेलासाठी वेचल्या जातात. मोहाची बी फार दिवस जिवंत राहत नाही, पडल्यावर काही आठवड्यांतच रुजली तर रुजते. वर फूल भरपूर, खाली रोप एकही नाही, अशी अवस्था आगीने आणि बिया पुरत्या उचलल्याने येते. असे जंगल म्हणजे फक्त म्हातारी माणसे उरलेले गाव.

यावर उपाय अवघड नाहीत. काडीऐवजी झाडू घ्या. फूल पडू लागण्याच्या आठवडाभर आधी झाडाखालचा पाला ओढून बाजूच्या खड्ड्यात भरा, त्याचे खत होईल. शक्य असेल तिथे खोडाभोवती, जमिनीपासून दोन-तीन फूट वर जाळी किंवा जुन्या साड्या ताणून बांधा. फूल मातीला लागत नाही, स्वच्छ राहते, खाण्याच्या पदार्थांसाठी घेणारे गिऱ्हाईक त्याला जास्त भाव देतो, आणि अंधारात वाकून एकेक फूल वेचण्याची गरज उरत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत मोह आणि तेंदूच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावतात, आणि अस्वलालाही मोहफूल आवडते. त्यामुळे टोळीने जाणे, उजाडल्यावरच निघणे आणि उकिडवे बसून वेचणे कमी करणे हा वेचणीच्या नियमांचाच भाग मानला पाहिजे. टोळाच्या बाबतीत, गावाने दर दहा झाडांतली दोन झाडे बियांसाठी राखावीत आणि त्यांच्याखालची एकही बी उचलू नये. या झाडांना चुन्याचा पट्टा मारला की कोणाला विचारावे लागत नाही. दोनचा आकडा सुरुवातीपुरता आहे. रोपे वाढतात की नाही ते पाहून तो बदलावा.

तेंदूचे गणित वेगळे आहे. महाराष्ट्रात 70 पानांचा एक पुडा आणि 1,000 पुड्यांची एक प्रमाणित गोणी, म्हणजे 70,000 पाने. पाने एक-एक खुडून, एकसारखी लावून, बांधून ती फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, वाळायला जातात. पाने मोठी आणि मऊ यावीत म्हणून आधी झुडपांची छाटणी करतात. ती झुडपांपुरती ठेवली तर तेंदू पुन्हा फुटतो. पण हाव वाढली की मोठ्या झाडांच्या फांद्या खाली येतात, नवी पालवी यावी म्हणून जंगलाला आग लावली जाते, आणि टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, खायला मिळत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टरवर हक्क मिळाल्यानंतर याचा विचार करून तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, आणि उत्पन्नासाठी बांबूवर भर दिला. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी या निर्णयाबद्दल अनेकदा लिहिले आहे. प्रत्येक गावाने पाचगावसारखे करावे असे मी म्हणणार नाही. ज्या गावात बांबू नाही त्याला तेंदू सोडणे परवडणार नाही. पण एका गरीब गावाने हातातला पैसा सोडून जंगल निवडले, आणि ते कोणी सक्ती केली म्हणून नव्हे तर जंगल आपले झाले म्हणून, ही गोष्ट साऱ्या वादात मोलाची आहे.

बांबू हे गवत आहे. नेमाने कापले तर बेट जोमाने वाढते, वाटेल तसे कापले तर गुदमरते. यंदा फुटलेल्या काठीवर खोळ असते आणि पांढुरकी भुकटी दिसते. तिला आणि तिच्या आदल्या वर्षीच्या काठीला हात लावू नये. तीन वर्षांच्या पुढची, खोळ गळालेली, चकाकी गेलेली काठीच तोडावी, जमिनीलगतची एक-दोन पेरे ठेवून. पावसाळ्यात कोंब फुटत असताना बेटात शिरू नये, आणि एकाच वर्षात बेट रिकामे करू नये. जंगलाचे तीन-चार भाग करून दरवर्षी एकाच भागात तोड केली की काम दरवर्षी मिळते आणि बेटाला विसावाही मिळतो. मधाच्या बाबतीत आग्या मोहोळाची रचनाच मार्ग दाखवते. पोळ्याचा फांदीजवळचा जाड, फुगीर भाग मधाने भरलेला असतो आणि खालच्या भागात पिल्ले असतात. रात्री टेंभा लावून पोळे जाळले तर माश्या मरतात, मधात राख आणि अळ्यांचा रस मिसळतो. अंगभर संरक्षक कपडे घालून, थोडा धूर देऊन फक्त मधाचा भाग कापला, तर पिल्ले राहतात, मध स्वच्छ निघतो आणि त्याचे दामही जास्त येतात. डिंकासाठी खोल आणि रुंद घाव घालणे, किंवा रसायन टोचून एका हंगामात झाड पिळून काढणे, हे मारण्यासारखेच आहे. कांडोळाच्या झाडांची, ज्यांच्या डिंकाला बाजारात कराया म्हणतात, अशीच वाताहत झाल्यामुळे काही राज्यांना तोडणीवर बंदी घालावी लागली. कंदांच्या बाबतीत नियम सोपा: बी पडल्यानंतर खणा, कोंबाचा तुकडा त्याच खड्ड्यात परत पुरा. चार, आवळा, हिरडा यांसाठी ग्रामसभेने झाडे पाहून ‘खुली’ करण्याची तारीख जाहीर करावी आणि त्याआधी गावातल्या कोणीही फळ आणू नये. शेजारच्या गावांशीही तीच तारीख ठरवावी, नाहीतर सीमेवरची झाडे आधी लुटली जातील.

मोजल्याशिवाय नियम टिकत नाही

हे नियम बरोबर आहेत की नाही ते झाडेच सांगतात, फक्त त्यांना दरवर्षी विचारावे लागते. पावसाळा संपल्यावर जंगलातल्या चार-पाच ठरलेल्या वाटा धराव्यात. प्रत्येक वाटेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलांत मोह, चार, आवळा यांची मोजणी करावी: गुडघ्याखालची रोपे किती, माणसाएवढी किती, फळायला लागलेली किती, म्हातारी किती. हे काम आठवी-नववीची मुले गावातल्या जाणत्या बायकांबरोबर करू शकतात. आकडे ग्रामसभेच्या फळ्यावर लावावेत. तीन वर्षांत गुडघ्याखालची रोपे वाढली नाहीत तर राखीव झाडे वाढवावीत किंवा आग अजून कुठे लागते ते शोधावे. त्याच वहीत प्रत्येक कुटुंबाने किती माल आणला, कोणत्या दराने विकला, याचीही नोंद हवी. व्यापाऱ्याशी बोलताना या वहीइतका दुसरा आधार नाही.

विक्रीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तत्त्व एकच आहे: घाईने विकू नका. वैशाखात स्वस्तात गेलेला मोह पावसाळ्यात महागाने परत विकत घेण्याची वेळ अनेक घरांवर येते. ऊन दाखवून चांगला वाळवलेला मोह कोरड्या जागी राखता आला, आणि तोवर बचत गटाने घराला थोडी उचल दिली, तर हा फरक गावातच राहतो. वजनकाटा गावाचा असावा. गौण वनोपजासाठी केंद्र शासनाची किमान आधारभूत किमतीची योजना 2013-14 पासून आहे. तिचे दर विचारून फळ्यावर लिहावेत, म्हणजे व्यापाऱ्याला त्यांच्याखाली जाणे अवघड होईल. चारोळी फोडणे, हिरडा प्रतवारीने निवडणे, मोहाचे लाडू किंवा सिरप करणे, यांतले जे गावाला सहज जमेल तेवढेच हाती घ्यावे. आणि शक्य तिथे अनेक ग्रामसभांनी मिळून सौदा करावा. गडचिरोलीतल्याच कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा उभारून ते करून दाखवले आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप वन्यजीवप्रेमींचा: माणूस जंगलात गेला की जंगल संपते, म्हणून बंदी हाच उपाय. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांवर 2000 नंतरच्या काही वर्षांत अभयारण्यातल्या वनोपज विक्रीवर अशी बंदी आली. तिथले सोलिगा आदिवासी आवळा वेचताना झाडावरची बांडगुळे काढून टाकत, कारण बांडगूळ आवळ्याचा जीव घेते हे त्यांना ठाऊक होते. वेचणी थांबली तशी ही राखणही थांबली. संशोधकांनीही आवळ्याच्या ऱ्हासात बांडगुळांचा मोठा हात असल्याचे दाखवले. 2011 मध्ये सोलिगांना सामूहिक वनहक्क मिळाले. वाघाचे जंगल आणि वेचणारा माणूस यांच्यात शिस्त हवी हे खरेच. पण रोज जंगलात जाणाऱ्याला बाहेर काढले की जंगलाची राखण करणारे डोळेही बाहेर जातात.

दुसरा आक्षेप: हे सारे जिथे घनदाट जंगल आहे तिथे ठीक, उघड्या माळावर काय? मेळघाटाच्या पायथ्याशी, अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाचे उत्तर स्पष्ट आहे. 2012 मध्ये हक्क मिळालेली त्यांची जमीन बरीचशी उजाड होती. गावाने चराई आवरली, झाडे लावली, सीताफळ राखले, आणि ते ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईपर्यंत विकले. 2014 मध्ये गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. हक्क जंगल वाचवण्यासाठी जितका लागतो, तितकाच ते पुन्हा उभे करण्यासाठीही लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: बाजार वाढला की ओरबाडणेही वाढणार. हे खरे आहे, आणि करायाचा अनुभव त्याचाच पुरावा आहे. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी मोजणी, मग नियम, शेवटी करार. आणि करारात दराबरोबर कमाल मालही लिहिलेला हवा. गिऱ्हाईक कितीही मोठे असले तरी ठरल्यापेक्षा जास्त माल नाही, हे ग्रामसभेने लेखी सांगावे. कोणी म्हणेल, त्यापेक्षा मोह-चार शेतातच लावा. जरूर लावा, बांधावर मोह असणे केव्हाही चांगले. पण बांध ज्याचा त्याचा, आणि भूमिहीन बाईला बांध नसतो. तिच्यासाठी जंगलच शेत आहे, आणि दुष्काळात उपाशी राहूनही बियाण्याची कणगी न फोडणारा शेतकरी जसा वागतो, तसे त्या शेताशी वागायला तिला हक्क आणि हमी द्यावी लागेल.

म्हणून एकच विनंती. यंदा मोहाचे पहिले फूल पडण्याआधी, माघातच ग्रामसभा बोलवा, आणि बायकांना बोलायला वेळ मिळेल अशा वेळी बोलवा. त्या सभेत फार काही करायचे नाही: झाडाखाली काडी न लावण्याचा ठराव, बियांसाठी राखीव झाडांची यादी, चार आणि आवळ्याच्या तोडणीची तारीख, आणि गावाचा वजनकाटा घेण्यासाठी वर्गणी. या चार ओळी सभेच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. पुढच्या चैत्रात चार काळी होईपर्यंत झाडावर राहिली, तर तुमच्या गावात काम सुरू झाले असे समजा.